अब्बांच्या कॅसेटी आणि एक छोटा संगणक

अम्माच्या पलंगाशेजारी एक लाकडी पेटी ठेवलेली असते. पूर्वी तिच्यात शिवणकामाचं सामान असायचं. आता तिच्यावर तीन बटणं आहेत, एक मोठं आणि दोन लहान. स्क्रीन नाही, आकडे नाहीत, दिवेही नाहीत. घरी येणारे पाहुणे विचारतात, हा रेडिओ का? अम्मा म्हणते, ‘पोरानं बनवलंय काहीतरी.’ त्यापलीकडे ती सांगत नाही आणि मीही सांगत नाही. आज इथे सांगतो, तेही तिला विचारून.

आमचं गाव चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठीच्या काठी. कोकणातल्या आमच्या मुसलमान वस्त्यांत असं घर शोधावं लागेल, जिथून कुणी आखातात गेलं नाही. माझे अब्बा १९७८ साली कुवेतला गेले. फहाहीलमध्ये एका खोलीत सहाजण राहायचे. दोन-अडीच वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची. फोन म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन ट्रंक कॉल लावणं, आणि तो लागेलच असं नाही. राहिली पत्रं. अब्बा उर्दू शाळेत शिकलेले, ते उर्दूत लिहायचे. अम्मा कुरआन वाचायची, पण हाताने लिहिलेलं उर्दू तिला लागत नसे. मग पत्र आलं की ते शेजारच्या मास्तरांकडे किंवा माझ्या चुलत्याकडे जायचं. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र तिसराच माणूस मोठ्याने वाचायचा आणि अम्मा पदर तोंडाशी धरून ऐकायची. अब्बांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे त्या पत्रांत सगळ्यांना सलाम, पैशांचा हिशोब, पोरांच्या अभ्यासाची चौकशी एवढंच असायचं.

मग कॅसेट आली. अब्बांनी पहिल्या सुट्टीत एक टेपरेकॉर्डर आणला आणि तिथेही दुसरा घेतला. ते तिथे कॅसेट भरायचे आणि गावचा कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती द्यायचे. अम्मा इथे ऐकायची, दुसरी कॅसेट भरायची आणि परत जाणाऱ्याच्या हाती पाठवायची. आखातात गेलेल्यांच्या कितीतरी घरांनी असंच केलं. मला लहानपणचं एवढंच आठवतं की ती कॅसेट लागली की आम्हा भावंडांना अंगणात पाठवलं जायचं आणि मधल्या खोलीचं दार लागायचं.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. अब्बा बसने बगदादमार्गे अम्मानला पोहोचले आणि तिथून विमानाने मुंबईला आले. त्या वेळी लाखाच्या वर भारतीय असेच परत आले. अब्बांच्या हातात एकच पिशवी होती. अम्माने बारा वर्षांत पाठवलेल्या सगळ्या कॅसेटी त्या खोलीतच राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे आमच्या घरात उरलं ते अर्धंच बोलणं. अब्बांचं आहे, अम्माचं नाही.

२०१७ साली अब्बा गेले. त्यानंतर अम्मा त्या कॅसेटी पुन्हा लावू लागली. तोवर काचबिंदूने तिची नजर बरीच गेली होती, पण टेपरेकॉर्डरची बटणं तिच्या बोटांना पाठ होती. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तसं आमच्याकडेही आलं. खालच्या खोल्यांत खिडकीपर्यंत पाणी होतं. टेपरेकॉर्डर खालीच होता, तो गेला. कॅसेटींची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, ती वाचली. चिखल काढून झाल्यावर अम्माने पहिला प्रश्न विचारला तो त्या पेटीचा.

मी पुण्यात नोकरी करतो. माझं काम बॅकएंडचं. वेबसाइट किंवा ॲप तुम्हाला समोर दिसतं, पण त्याच्यामागे कुठेतरी एक सेवा चालू असते, जिला चेहरा नसतो. ती हुकूम घेते, काम करते आणि गप्प बसते. अम्माला समजावताना मी म्हटलं होतं, ‘लग्नाच्या मांडवामागे देग असते ना, तसं. पाहुण्यांना बिर्याणी दिसते, भटारी दिसत नाही.’

तिला नवा टेपरेकॉर्डर घेऊन देणं सोपं होतं. पण जुन्या कॅसेटी अजून किती दिवस टिकणार? कोकणच्या दमट हवेत टेपेवर पांढरी बुरशी धरते. आतली फेल्टची छोटी गादी निसटते. एखादा दिवस असा येतो की मशीन टेप चघळून टाकतं. मोबाइलवर आवाज भरून द्यावा, तर मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिच्या बोटांना काहीच सापडत नाही. तिला बटण हवं होतं. दाबलं की खाली जाणारं आणि दाबलं गेल्याचं कळणारं.

माझ्याकडे एक रास्पबेरी पाय ३ पडून होता. एटीएम कार्डाच्या आकाराची पाटी, तिच्यावरच अख्खा संगणक, १ जीबी मेमरी. त्याला हार्ड डिस्क नसते, मेमरी कार्डावरच सगळं चालतं. त्याच्यावर लिनक्स टाकलं आणि एमपीडी बसवलं. एमपीडी म्हणजे म्युझिक प्लेअर डिमन. बॅकएंडच्या भाषेत डिमन म्हणजे पार्श्वभूमीत सतत जागा असलेला प्रोग्रॅम. एमपीडीला स्वतःची खिडकी नाही, बटणं नाहीत. तो ६६०० क्रमांकाच्या दारावर कान लावून बसतो. कुणी ‘चालू कर’ म्हटलं की चालू करतो, ‘थांब’ म्हटलं की थांबतो. हुकूम कुठून आला, मोबाइलवरून की लाकडी बटणावरून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

पण त्याआधी कॅसेटींतला आवाज बाहेर काढायचा होता. मुंब्र्याच्या मामांकडून एक जुना डेक आणला. त्याची वायर यूएसबी साउंड कार्डात आणि ते कार्ड लॅपटॉपला. एकूण ३१ कॅसेटी, २४ साठ मिनिटांच्या आणि ७ नव्वद मिनिटांच्या. साधारण साडेचौतीस तास. एका चॅनेलमध्ये, सीडीच्या दर्जाने भरलं तर तासाला सुमारे ३१७ एमबी लागतात, म्हणजे सगळं मिळून ११ जीबीच्या आत. जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळाच होता.

कॅसेट भरभर कॉपी होत नाही. एक तासाच्या टेपेला एक तास लागतो, आणि तो तासभर आवाज तुमच्या कानाशी असतो. पहिली कॅसेट लावली. अब्बांचा खोकला ऐकू आला, मग सलाम, मग, ‘ऐकतेस ना?’ माझा हात आपोआप हेडफोनकडे गेला आणि मी तो काढून ठेवला. अम्माने ज्या कॅसेटी दार लावून ऐकल्या, त्या मी का ऐकाव्यात? मास्तरांच्या तावडीतून सुटण्यासाठी ज्यांनी कॅसेट धरली, त्यांच्या मधे आता पोटचा पोरगा हेडफोन लावून बसणार?

मी अम्माला विचारलं, ‘भरताना मला ऐकू येणार. चालेल का?’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘न ऐकता नाही का होत?’

होतं. जवळजवळ होतं. डेकच्या हेडचा कोन प्रत्येक टेपेला थोडा वेगळा लागतो. तो नीट नसेल तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, आणि तो स्क्रू फिरवून जुळवायला कानच लागतात. मी ठरवलं, प्रत्येक कॅसेटीचं पहिलं अर्धं मिनिट ऐकायचं. त्यात सलाम आणि पोरांची नावं असतात. कोन जुळला की हेडफोन काढायचा आणि स्क्रीनवरची हिरवी पट्टी हलते आहे ना, तेवढंच बघत बसायचं. दोन महिने रात्री मी असाच बसलो. पट्टी वर जायची, खाली यायची. अब्बा काय सांगत होते ते मला कळत नव्हतं, पण बोलत होते एवढं कळत होतं.

मग एमपीडीशी झटापट सुरू झाली. ज्यांना हे काम करायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी त्याला एकही फाइल दिसेना. कारण तो स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतो आणि माझ्या होम फोल्डरमध्ये शिरायची त्याला परवानगी नव्हती. फाइल्स त्याच्या हक्काच्या फोल्डरमध्ये हलवल्यावर दिसल्या. मग आवाज येईना. संगणक एचडीएमआयच्या तारेतून आवाज पाठवत होता आणि तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. पाटीवरच्या हेडफोनच्या भोकातून आवाज आला, पण त्यात खरखर होती, म्हणून तेच यूएसबी साउंड कार्ड इकडे लावलं. सेटिंगमध्ये त्याचा क्रमांक लिहिला, तर मशीन पुन्हा सुरू केल्यावर क्रमांक बदलला. म्हणून क्रमांक नाही, कार्डाचं नाव लिहावं. शेवटी मधूनच आवाज तडतडायला लागला. दोन दिवस मी सॉफ्टवेअर तपासत होतो, आणि दोष निघाला चार्जरमध्ये. जुन्या मोबाइलचा एक ॲम्पिअरचा चार्जर लावला होता. या पाटीला अडीच ॲम्पिअर लागतात.

बटणं सोपी होती. प्रत्येक बटणाची एक तार ग्राउंडच्या पिनेला, दुसरी एका जीपीआयओ पिनेला. पायथनमधला वीसेक ओळींचा प्रोग्रॅम बटणावर नजर ठेवतो आणि एमपीडीला निरोप देतो. मोठं बटण चालू-बंद, डावं दहा सेकंद मागे, उजवं पुढची कॅसेट. प्रत्येक कॅसेटीआधी मी माझ्या आवाजात ‘कॅसेट सातवी’ असं भरलं होतं. अम्माने ते काढायला लावलं. ‘तुझा आवाज कशाला मधे? खोकल्यावरून कळतं मला कुठली ते.’

पेटी तयार झाली. शुक्रवारी दुपारी तिच्या पलंगाशेजारी ठेवली, तिचं बोट मोठ्या बटणावर ठेवलं आणि बाहेर येऊन दार लावलं. दहा मिनिटांनी तिने हाक मारली. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

‘हे बरोबर नाही,’ ती म्हणाली. ‘ते इथे थांबतात. आता थांबले नाहीत.’

मी म्हटलं, तसं कसं होईल? पण मला ठाऊक होतं कसं झालं ते. सगळ्या फाइल्स पाहताना मला दिसलं होतं की आवाजाच्या आलेखात जागोजागी लांब सपाट पट्टे आहेत, कुठे दहा सेकंद, कुठे अर्धं मिनिट. मी समजलो, रेकॉर्डिंग चालू ठेवून उठले असतील, किंवा टेप खराब असेल. ऐकायचं तर नव्हतंच. म्हणून सगळ्या ३१ फाइल्सवर एकच हुकूम चालवला होता, दोन सेकंदांपेक्षा लांब शांतता काढून टाक. मशीनला शांतता म्हणजे काय ते आकड्यात सांगावं लागतं. मी सांगितलं, उणे ४० डेसिबलच्या खालचं सगळं. साडेचौतीस तासांचे एकतीस झाले आणि मी खूश झालो होतो. काम स्वच्छ झालं असं वाटलं होतं.

‘तिथे काय असतं अम्मा?’

ती पेटीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘ते विचारतात आणि थांबतात. मी बोलावं म्हणून.’

मला कळायला वेळ लागला. अब्बा कुवेतच्या खोलीत, रेकॉर्डर चालू ठेवून, विचारायचे, विहिरीचं काम झालं का? आणि गप्प बसायचे. अम्मा इथे महिन्या-दोन महिन्यांनी ती कॅसेट लावायची आणि त्या जागेत उत्तर द्यायची, मोठ्याने. मग अब्बा पुढे बोलायचे, जणू ऐकून घेतलं. त्या दोघांनी ते ठरवून केलं होतं की आपोआप तसं होत गेलं, हे मी विचारलं नाही. नंतर ती वेगळी कॅसेट भरून खरं उत्तर पाठवायची, ती गोष्ट निराळी. त्या सगळ्या कॅसेटी फहाहीलला गेल्या. तिच्या बोलण्याचं जे काही शिल्लक होतं ते या पट्ट्यांमध्येच होतं, रिकामी जागा म्हणून. आणि तीच मी काढून टाकली होती, तीन-साडेतीन तास.

सुदैवाने या धंद्यात एक सवय हाडात बसलेली असते, मूळ फाइलला हात लावायचा नाही. पुण्याच्या डिस्कवर मूळ प्रती होत्या. रातोरात त्या परत टाकल्या. पण मला सारखं वाटत राहिलं की मी ऐकलं असतं तर ही चूक झाली नसती. आणि ऐकलं असतं तर दुसरीच चूक झाली असती. यातली कुठली बरी, हे मला अजूनही सांगता येत नाही. आमच्या कामात आम्ही रोज असंच करतो. आत काय आहे ते न बघता हजारो माणसांचं सामान इकडून तिकडे नेतो, आणि आम्हाला रिकामी वाटलेली जागा कमी करतो. न बघणं हा सभ्यपणा आहे, हे मी अजूनही मानतो. पण जे बघितलं नाही त्याला ‘फालतू’ म्हणायचा हक्क मला कुणी दिला होता?

यानंतर दोन गोष्टी केल्या. भाच्याने सुचवलं होतं, म्हणून मी एमपीडीचं दार घरच्या वायफायला उघडं ठेवलं होतं, म्हणजे कुणालाही मोबाइलवरून कॅसेट लावता आली असती. ते बंद केलं. आता तो फक्त त्याच पेटीतलं ऐकतो, बाहेरच्या कुणाचं नाही. दुसरं, आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते आणि असं झटक्यात बंद होण्याने मेमरी कार्ड खराब होतं. म्हणून ते कार्ड फक्त वाचण्यापुरतं केलं, त्यावर काही लिहिलंच जाणार नाही असं. कॅसेट कुठवर आली याची नोंद मात्र ठेवावी लागते, ती एका लहान पेन ड्राइव्हवर.

त्या नोंदीनेच पुढचा प्रकार घडवला. एका रात्री अम्मा ऐकत असताना वीज गेली. ती झोपली, आम्हीही झोपलो. रात्री दोनच्या सुमारास वीज आली. या पाटीला चालू-बंदचं बटण नसतं, वीज आली की ती उठते. एमपीडी उठला, त्याने नोंद वाचली, कॅसेट चालू होती असं त्यात लिहिलेलं, आणि त्याने इमानदारीने पुढे सुरू केलं. तो नोंद दर दोन मिनिटांनी करतो, त्यामुळे थोडं मागून. अंधाऱ्या घरात अब्बांचा आवाज आला. माझी धाकटी मुलगी रडत उठली. मी धावत मधल्या खोलीत गेलो.

अम्मा पलंगावर उठून बसली होती. अब्बांनी काहीतरी विचारलं होतं, ते मी ऐकलं नाही, किंवा ऐकलं पण इथे लिहिणार नाही. मग शांतता होती. पंख्याची बारीक घरघर येत होती, कुवेतच्या पंख्याची. अम्माने हात वर केला, मला थांबवायला. मी दारातच थांबलो आणि मग बाहेर आलो.

सकाळी मी तिला सांगितलं, एमपीडीत एक ओळ असते, ती ‘होय’ केली की वीज आल्यावर तो थांबलेलाच राहतो, आपणहून बोलत नाही. लावू का? मला वाटलं ती नको म्हणेल.

‘लाव की,’ ती म्हणाली. ‘पोरगी घाबरली ना.’ आणि मग, ‘अजानच्या वेळी मी बंद करते, तसं रात्री पण मीच बंद करेन. मशीनला नको सांगूस कधी बोलायचं ते.’

मी ओळ लावली.

त्या यूएसबी साउंड कार्डाला दोन भोकं आहेत, एक आवाज बाहेर द्यायला आणि एक माइकसाठी. मागच्या ईदला गेलो तेव्हा मी तिला म्हटलं, ‘अम्मा, तू उत्तरं देतेस ती भरून ठेवूया का? तुझ्या कॅसेटी तर राहिल्याच नाहीत. आता दोघांचं एकत्र होईल. नातवंडांना पुढे...’

तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. ‘ते मी त्यांना सांगते,’ ती म्हणाली. ‘नातवंडांना वेगळं सांगेन.’

माइकच्या भोकावर मी चिकटपट्टी लावली आहे, धूळ जाऊ नये म्हणून. तीन ठिकाणी प्रती आहेत, पुण्यात, मुंब्र्याला मामांकडे आणि पेटीत. मूळ कॅसेटी माळ्यावर, पूर्वीपेक्षा एक फळी वर.